उसवण्यासाठी घातलेले टाके

थंडी सुरू झाली की आमच्या किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. बांबू रोवायचे, त्यांना आडवे दोर बांधायचे आणि दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून त्या दोरांवर वाळत टाकायचे. नव्या माणसाला तो वास सोसत नाही. मी गिरगावातून इथं राहायला आले तेव्हा नाकाला पदर लावूनच फिरत होते. शेजारची मोनिकाबाय मला बघून म्हणायची, "वयनी, नाक घरी ठेव न् मंग फिर." काल शेजारच्या चौक गावाकडून वारा आला, त्यात यंदाचा पहिला बोंबील होता, आणि मला एकदम बरं वाटलं. एखादं दुखणं उतरल्यावर वाटतं ना, तसं. दर वर्षी असंच होतं. त्याला कारण त्या एका वर्षीची थंडी.

आमचे हे नाटक कंपनीत स्त्रीपार्टी होते, म्हणजे नायिकेची कामं करायचे. लग्न झालं तेव्हा मला नऊवारी धड नेसता येत नव्हती. निऱ्या कशा चापून घ्यायच्या, पदर खांद्यावर कसा ठरवायचा, ते मला ह्यांनी शिकवलं. हसायचं असेल तर हसा, पण तेव्हा गिरगावातल्या निम्म्या बायका नाटकातल्या नायिकांकडे बघूनच नेसायला शिकल्या होत्या, आणि त्या नायिका सगळ्या मिशा काढलेले पुरुष. ह्यांची चाल तर अशी होती की मागून बघणाऱ्याला वाटावं, घरंदाज सून देवळात चाललीय.

मग बोलपट आले. रंगभूमीवर खऱ्याच बायका येऊ लागल्या. ह्यांचा आवाज जाड झाला आणि कंपनीही मोडली. चाळीतली पोरं ह्यांच्या मागे कंबर लचकवत चालायची. पोरांचं एक वेळ सोडा, पण वरच्या खिडक्यांतून त्यांच्या आया हसायच्या, आणि त्यातल्या कितीतरी जणी ह्यांच्यावरूनच नेसायला शिकलेल्या. तो राग माझा अजून गेलेला नाही.

नाटकाचा शौक असलेल्या एका पारशी शेठनं ह्यांना उत्तनच्या बंगल्याची राखण दिली. बंगला समुद्रावर, मागे आमच्यासाठी दोन खोल्या. भाईंदर स्टेशनावरून टांग्यानं येताना ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. गावात कुणाला नाटकाचं कळता कामा नये. विचारलं तर कापडाच्या दुकानात होते म्हणून सांगायचं. कळलं तर हेही गाव सोडावं लागेल, म्हणाले. आणि पुढे जायला आम्हाला तिसरी जागा नव्हती.

गावात आल्यावर ह्यांनी चाल बदलली. पाय आपटत, हात लांब टाकत, छाती काढून चालायचे. मला बघवायचं नाही ते. घरात आले की खाटेवर आडवे होऊन पोटऱ्या चोळत बसायचे. रोज दिवसभर हवालदाराचं सोंग वठवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? त्यातून शेजारी राहायचा पास्कू. तरणा मच्छीमार, मनानं निर्मळ, पण नकला करण्यात पटाईत. पाद्रीबाबांचं खोकणं, फौजदाराचं पोट, माझं नाकाला पदर लावणं, काही सोडलं नाही त्यानं. सगळं गाव त्याच्याभोवती जमून हसायचं. पास्कू समोरून दिसला की ह्यांची पावलं आणखी जड पडायची.

त्या वर्षी थंडीला शेठनं बंगला एका जपानी जोडप्याला भाड्यानं दिला. साहेब मुंबईत कापसाच्या व्यापारात होते, शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. बाईंना छातीचं दुखणं होतं, म्हणून डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती. नाव सुमी. गावानं त्याचं सुमीबाय केलं. मुंबईत राहून कामापुरती हिंदी शिकली होती. पायांत अंगठा वेगळा असलेले पांढरे मोजे, आणि चालताना त्यांचा आवाज म्हणून यायचा नाही.

सकाळी व्हरांड्यात ती नाच करायची. नाच म्हणजे आपल्याला वाटतं तसा नाही हो. ठेका नाही, घुंगरू नाहीत. ग्रामोफोनवर तीन तारांच्या वाद्याची टणटण, आणि ही बाई एवढ्याशा जागेत पंखा उघडते, मिटते, मान वळवते. मी भांडी घासता घासता बघायची आणि म्हणायची, हिचं सुरू कधी होणार? मग एक दिवस तिनं पंखा मिटून व्हरांड्याच्या ओट्याच्या कडेला येऊन समुद्राकडे पाहिलं, आणि मीही हातातलं पातेलं ठेवून तिकडे बघायला लागले. तिकडे काही नव्हतं. तेव्हा कळलं की हिचं कधीचं सुरू आहे.

एकदा ती दोन गुडघ्यांच्या मध्ये कागदाचा तुकडा धरून चालत होती. कागद पडू द्यायचा नाही, अशी सवय करायची. दोनदा पडला. हे विहिरीवर पाणी शेंदत होते. पाठमोरे होते, तरी कसे बघत होते देव जाणे. मध्येच बोलून गेले, "खांदे. खांदे मागं ओढून खाली सोडा, मग पडणार नाही."

बोलले आणि स्वतःच दचकले. सुमीबाई थांबली. तिनं खांदे तसे केले, कागद धरला आणि पूर्ण व्हरांडा चालून गेली. मग वळून विचारलं, "तुमको कौन सिखाया?"

ह्यांनी घागर उचलली आणि आत निघून गेले. पण बाई कसली सोडते? दुपारी आमच्या दाराशी येऊन बसली. शेवटी ह्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. ह्यांच्या गुरूंनी गुडघ्यांत विड्याचं पान धरून चालायला लावलं होतं. पान चुरगळलं की त्या दिवशीचा विडा बंद. ते ऐकून ती इतकी हसली की तिला खोकला आला. मग तिनं तिची गोष्ट सांगितली. तिचे गुरू म्हातारे पुरुष. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नाटकात बाईची कामं करायची रीत.

"पहले औरत लोग नाचा," ती म्हणाली. "सरकार बोला, औरत बंद. तो आदमी लोग औरत बना. बहोत साल. सब नाच वो लोग बनाया. अभी हम औरत लोग उनसे सीखता, औरत का माफिक कैसा चलना."

हे हसले. गिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदा, दात दिसतील असे हसले. मी चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या.

त्यानंतर रोज दुपारी त्यांचं बोलणं चालायचं. तिच्या मुलखातलं सगळ्यात जुनं नाटक मुखवट्यांचं, फार संथ, मोठ्या लोकांपुढे व्हायचं. त्यातल्या गोष्टी पुढे बाजारपेठेतल्या झगमगीत नाटकानं उचलल्या, आणि त्या नाटकातले नाच घरोघरच्या बायकांपर्यंत आले. ती बसवत होती तो नाचही असाच उतरत आलेला: समुद्राचं पाणी कावडीनं भरून मीठ करणारी एक मुलगी, निघून गेलेल्या माणसाची वाट बघते. भाईंदरच्या मिठागरांवर कावड वाहणाऱ्या बायका मी रोज बघत होते, पण त्यांच्यावर नाच करावा असं आमच्याकडे कुणाला सुचलं नव्हतं.

थंडी सरताना साहेबांची बदली ठरली. जपानला परत जायचं. जाण्याआधी गावाला हा नाच दाखवायचा असं सुमीबाईनं मनात घेतलं, आणि त्यासाठी तिला मागे बसणारा माणूस हवा होता. त्यांच्या नाटकात असा एक जण असतो. काळे कपडे, तोंडावर काळा पडदा. नाचणाऱ्याच्या पाठीशी बसून वस्तू देतो, घेतो. सगळ्यांना दिसतो, पण तो नाहीच असं धरून चालायचं. त्याचं खरं काम कपडे बदलण्याचं. नाचणारीच्या अंगावर दोन किमोनो असतात. वरचा कच्च्या टाक्यांनी नुसता टाचलेला, आणि दोऱ्यांच्या टोकांना मण्याएवढ्या गाठी. वेळ आली की मागचा माणूस गाठी धरून दोरे हळूच काढून घेतो, मग एका झटक्यात वरचा किमोनो ओढतो. निळी मुलगी डोळ्यांदेखत लाल होते.

"तोंड झाकलेलं?" ह्यांनी विचारलं.

"पूरा. कोई नहीं देखेगा."

"मग बसतो."

छत्रीच्या काळ्या कापडाचा पोशाख मी शिवला. ह्यांनी गावात सांगून ठेवलं, "रविवारी मला भाईंदरला काम आहे." मी म्हटलं, अहो, एवढं कशाला? तर म्हणाले, "तुला नाही कळायचं." मला कळत होतं. ह्यांना त्या ओट्यावर बसायचंही होतं आणि कुणी बघायलाही नको होतं. आत मात्र दुपारभर त्या टाक्यांची तालीम चालायची. काढायचे, पुन्हा घालायचे. त्या दिवसांत ह्यांनी पोटऱ्या चोळल्या नाहीत.

मी कधी कधी विचार करते, माणसाचं आपलं म्हणून जे काही असतं ते त्यानं कुठे ठेवायचं? ह्यांची चाल जन्माची नव्हती, पान धरधरून कमावलेली होती. कमावलेली गोष्ट जास्त आपली की जन्माबरोबर आलेली? मला तरी बाईसारखं चालणं जन्मतः येत नव्हतं. माझी सासू म्हणायची, सून आणली की उंट आणला. पण मी उंटासारखी चालले तर मला कुणी गाव सोडायला लावणार नव्हतं.

रविवारी चर्चमधली सकाळची मीस झाली, जेवणं झाली, आणि उन्हं कलल्यावर गाव अंगणात जमलं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, मुंबईहून साहेबांचे चार जपानी दोस्त खुर्च्यांवर बसले होते. पास्कू पुढेच, त्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन. लोक जमल्यानंतर हे मागच्या दारानं चोरपावलांनी आले, त्यामुळे कपडे शेवटचे तपासून बघायला वेळ मिळाला नाही. साहेबांनी तबकडी लावली. सुमीबाई निळ्या किमोनोत कावड खांद्यावर घेऊन आली. मागोमाग काळी आकृती येऊन गुडघ्यांवर बसली.

तेवढ्यात शेजारी बसलेली मोनिकाबाय माझ्या कानाशी लागली. "वयनी, तो झगा काल दुपारी वाळत घातलेला. शिलाय बघितलीस त्याची? पार उसवाय आलेली. तुमी सगली झोपलेली, म्हटला परक्या मुलखाची बाय, चार मानसांत तिची लाज जायची. मीनी पक्का करून टाकला. दुहेरी टाका, शिडाला घालतो तसा. नि त्या गाठी लोंबत होत्या त्या कापल्या."

मोनिकाबाय नवऱ्याबरोबर गलबतांची शिडं शिवत आलेली बाई. कच्चा टाका दिसला की तिला स्वस्थ बसवतच नसे. ओट्यावर सुमीबाई पाठ करून उभी राहिली होती, हीच ती वेळ. काळ्या बाहीतून ह्यांची बोटं तिच्या खांद्यावर गेली, गाठ शोधू लागली. दुसऱ्या खांद्यावर गेली, मग पाठीवर. ओढून काढावं तर रेशीम फाटणार. तबकडी काही कुणासाठी थांबत नाही. अंगणात कुणीतरी खाकरलं.

मी मोनिकाबायचा हात धरला आणि तिला ओढत स्वयंपाकघराच्या दारानं आत नेलं. जाताना कातर उचलली. व्हरांड्याच्या दारावरच्या पडद्यामागे पोचतो तर सुमीबाई उलट पावलांनी, हलकेच, आत येत होती. खांद्यावर कावड नव्हती.

कावड ह्यांच्या खांद्यावर होती.

मोनिकाबायनं टाके उसवायला घेतले. तिनंच घातलेले, तिलाच ठाऊक कुठून सुरू होतात. "सुटायचा हाय तर आदी सांगायचा ना गो," असं पुटपुटत होती. मी किमोनो ताणून धरला होता, पण डोळे पडद्याच्या फटीतून बाहेर.

हे चालत होते. ती चाल. काळ्या छत्रीच्या कापडात, तोंडावर पडदा, खांद्यावर कावड, आणि ओट्यावरून एक मुलगी पाणी घेऊन चालली होती. जपानी नाच ह्यांनी कधी शिकला नव्हता, फक्त मागे बसून बघितला होता. जिथे आठवलं तिथे तसं केलं, जिथे नाही आठवलं तिथे आपल्या गुरूंचं घातलं. साहेब मोठे हुशार, त्यांनी ग्रामोफोनची पिन उचलून पुन्हा अलीकडे ठेवली. ह्यांनी कावड उतरवली, कडेला आले, डोळ्यांवर हात धरला आणि समुद्राकडे बघितलं.

पास्कूचं तोंड माझ्या समोर होतं. मी त्याच्यावरच नजर ठेवून होते. आता हसेल, मग हसेल. तो हसला नाही. त्याच्या आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. होडी यायला उशीर झाला की अंगणातल्या ह्या बाया किनाऱ्यावर अशाच उभ्या राहतात, डोळ्यांवर असाच हात धरतात. त्यांना गोष्ट कुणी सांगावी लागली नाही.

"झाला," मोनिकाबाय म्हणाली. शेवटचा टाका तिनं दातानं तोडला. सुमीबाई कपडा हातानं आवळून बाहेर गेली. हे मागे सरकले, गुडघ्यांवर बसले, पुन्हा नसल्यासारखे झाले. आणि मग झटका बसला. निळा किमोनो ह्यांच्या हातात आणि ती लालभडक उभी. अंगणातून जो आवाज आला तो सगळ्यांनी एकदम सोडलेल्या श्वासाचा होता. मी तिथंच पडद्यामागे जमिनीवर फतकल मारून बसले. सुटलो, एवढंच मनात.

नाच संपल्यावर आत येऊन सुमीबाईनं ह्यांच्यापुढे जमिनीला कपाळ टेकलं. हे गोंधळले. ती म्हणाली, मुखवट्यांच्या त्या जुन्या नाटकात मागे बसणारा नोकर नसतो, तो जाणता नट असतो. पुढे नाचणारा पडला तर त्यानं उठून नाच पुरा करायचा, अशीच रीत आहे. "हम बताया नहीं," ती म्हणाली. "तुमको मालूम था." ह्यांनी तोंडावरचा पडदा काढला नाही. पण तो ओला झालेला मला दिसला.

पुढच्या आठवड्यात ती दोघं गेली. नंतर लढाई पेटली, आणि जपानी म्हटलं की लोक बॉम्बच्या भीतीनं आभाळाकडे बघायला लागले. भाईंदरच्या बाजारात कुणी त्या मुलखाला शिव्या दिल्या की मला ते पांढरे मोजे आठवायचे. कुठे असेल, कशी असेल, काही कळलं नाही. आता लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि मी मनाशी धरून चालले आहे की ती आहे. एखाद्या व्हरांड्यात कुठल्यातरी पोरीच्या गुडघ्यांत कागद देऊन तिला खांदे खाली सोडायला सांगत असेल.

पण मला सांगायचं आहे ते नाचाच्या दुसऱ्या दिवसाचं. आम्ही दोघं सकाळी किनाऱ्यावर गेलो होतो. वलांडीखाली पास्कू दोर आवळत होता. ह्यांना बघून त्यानं हाक मारली.

"दामूभाव, काल भायंदरला गेलास नि मोठी मजा हुकवलीस बग. ती काली बाय होती ना मागं बसलेली, ती उठून काय चालली, काय सांगू तुला. माजी आय घरी येऊन रडत बसली. बापूस दर्यात गेला तवापासून ती रडली नव्हती. आज सकालपासून मोकली बोलते. कोन होती ती? सुमीबायची भैन?"

मी घाईनं म्हणाले, "मुंबईची कुणीतरी." दार उघडं करून दिलं मी ह्यांना. आत शिरायचं आणि कडी लावायची, एवढंच काम. गाव सुटणार नव्हतं, खोल्या सुटणार नव्हत्या, सगळं होतं तसं राहणार होतं.

ह्यांनी वलांडीचा बांबू धरला. मग म्हणाले, "मी होतो, पास्कू."

पास्कूनं ह्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यानं दोर खाली टाकला.

"खरा सांगतोस?"

"नाटकात होतो मी. बाईची कामं करायचो."

"नि येवडे दिस आमच्या बाजूला ऱ्हावून बोललास न्हाय?" पास्कूला खरोखरच राग आला होता. "चल घरी. आयला तूच सांग."

म्हातारी चुलीपाशी होती. पास्कूनं तिला सांगितलं. तिनं आम्हाला बसवलं, ताटल्या मांडल्या. ख्रिस्ती मच्छीमारांचं घर म्हणून तोवर मी तिथं पाणीसुद्धा प्यायले नव्हते, त्या दिवशी मुकाट्यानं मांडी घालून बसले. म्हातारीनं आधी ह्यांच्यासमोर बसून ह्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग बोंबलाचं कालवण पळीनं ह्यांच्या भातावर घातलं आणि म्हणाली, "खा बाय, पोटभर खा."

ह्यांनी ताटली पुढे केली आणि म्हणाले, "अजून थोडं घाल, आये."